तिसऱ्या मजल्याचं कार्ड

फाटकाचा दांडा वर गेला नाही. लेस केर्तेसनं गाडीची काच खाली करून कार्ड पुन्हा यंत्राला लावलं, मग उलटं करून लावलं, मग कोटाच्या बाहीवर पुसून लावलं, पण लाल दिवा काही हिरवा होईना. सरोवरावरून येणारा वारा उघड्या काचेतून आत घुसून कानशिलं सोलत होता. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मॅनेजर, ज्याच्या एका फोनवर धिप्पाड पोरांची आयुष्यं या शहरातून त्या शहरात उचलून फेकली जात, तो स्वतःच्याच फाटकाबाहेर पाहुण्यासारखा खोळंबला. पहाऱ्याच्या खोलीतून मर्विन आला, कानटोपी सावरत. या फाटकावर म्हातारा झालेला माणूस. "यंत्राला थंडी बाधली असेल, मिस्टर केर्तेस. माझी गाडीसुद्धा सकाळी खोकतच उठली." मग खाली वाकून म्हणाला, "काल काय खेळले हो आपले लोक? माझी सासू उतरली असती ना मैदानात, काठी टेकत टेकत, तरी दोन पावलं पुढं गेली असती." लेस हसला, जरा जास्तच हसला. मर्विननं खोलीत जाऊन बटण दाबलं, दांडा वर गेला. जाताना लेसला वाटलं की मर्विननं आपल्या तोंडाकडं पाहिलं नाही, रस्त्यावरच्या बर्फावर टाकतात त्या मिठाच्या काचेवर उडालेल्या डागांकडं पाहत राहिला. मग वाटलं, छे, थंडीत कोण कुणाच्या तोंडाकडं पाहतं.

गाडी जागेवर लावूनही तो उतरला नाही. इंजिन चालू ठेवून बसला. कार्ड असं आपलं आपण मरत नाही, हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नियमच मुळी त्याचा. पूर्वी एका सहायक कोचला काढलं, तर तो बहाद्दर परत आपल्या खोलीत गेला आणि वर्षभराचे सगळे डावपेच खिशात घालून थेट शेजारच्या राज्यातल्या संघाकडं. तेव्हापासून लेसनं ठरवून टाकलं: आधी कार्ड बंद, मग माणसाला सांगायचं. सहायक कोच, डॉक्टर, मालिश करणारे, एकदा तर स्वयंपाकघरातली एक बाईसुद्धा. त्यांना बातमी दारानंच दिली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून त्यानं कितीतरी जणांना पाहिलं होतं. गंमत म्हणजे झाडून सगळे एकच गोष्ट करायचे. कार्ड बाहीवर पुसायचे. जणू धूळच बसलीय त्यावर. एकदा त्यानं हे घरी बायकोला सांगितलं होतं, हसत हसत. आयलीन हसली नव्हती. ताटातल्या कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याकडं बघत म्हणाली होती, तुला खिडकीत उभं राहायला वेळ कसा मिळतो रे? आज आपणही पुसलं, हे त्याला आत्ता आठवलं.

पण नाही. आज त्याचा नंबर नव्हता. आज मुख्य कोच ड्वाइटचा होता. हंगाम काल संपला, आणि हंगामानंतरच्या सोमवारी देशभर मुख्य कोच लोकांची मुंडकी उडतात हे शेंबडं पोरही सांगेल. फाटकाबाहेर टीव्हीच्या गाड्या कालपासून त्याचसाठी तिष्ठत होत्या. काल सामना संपता संपता मालकीणबाईंनी, म्हणजे ऑड्रा हॅल्डेननं, स्टेडियमच्या वरच्या काचेच्या बंद खोलीत लेसच्या बाहीला दोन बोटं लावली आणि खाली मैदानात भिजत उभ्या असलेल्या ड्वाइट टॉलिव्हरकडं बघत म्हणाली, "लेस, उद्या ड्वाइटला तुम्ही सांगा. तुम्ही मित्र आहात ना. मित्राकडून ऐकलं की कमी लागतं." बाई कधी आवाज चढवत नसे. तिचा बाप मेरिट हॅल्डेन काच कारखानदार, शिव्या देत खेळाडूंच्या खोलीत यायचा, कुणाची बायको बाळंत झाली ते विचारायचा, आणि एखाद्याला काढायचं तर स्वतःच्या तोंडानं काढायचा, वर ख्रिसमसला त्याच्या घरी डुकराची अख्खी मांडी पाठवायचा. बाप गेला, पोरगी आली, तिनं तिसरा मजला बांधला आणि लिफ्टला कार्ड लावलं. तिथं जाणारी कार्डं तीनच. तिचं, लेसचं आणि मुख्य कोचचं. काल तिच्या त्या वाक्यावर लेसनं मान हलवली. मान हलवण्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं होतं. म्हणजे मी नाही. तो सुटकेचा निःश्वास त्याला रात्रभर डाचत राहिला. पहाटे उठून दाढी करताना त्यानं स्वतःची समजूत घातली की निदान ड्वाइटचं कार्ड तरी आपण बंद करायला सांगितलेलं नाही. सगळ्यांचं करतो, त्याचं नाही केलं. आरशात बघताना तेवढ्यानं बरं वाटलं होतं.

या धंद्यात तिघांचं असं ठरलेलंच असतं. पैसा मालकाचा, माणसं आणायची मॅनेजरनं, आणि ती मैदानात उभी करायची कोचनं. हरलं की लोक कोचचं नाव घेऊन बोंबलतात, कारण टीव्हीवर तोच दिसतो, कानाला ते यंत्र लावून पावसात उभा. टॅनर रस्कला आणला होता लेसनं. बावीस वर्षांचा पोरगा, हात देवानं दिलेला, लांबट चेंडू पन्नास पावलांवर असा टाकायचा की झेलणाऱ्यानं फक्त हात पुढं करावेत. ऑड्राला त्याचं तोंड आवडलं, महिनाभरात शहरभर भिंतींवर तेच तोंड झळकलं. ड्वाइट एकटा म्हणत होता, "एक वर्ष बाकावर बसू दे त्याला. ह्याला राखणारी आपली पुढची फळी कच्ची आहे, लेस. समोरचे आडदांड लोक घुसून ह्याला चिरडतील. पोरगं आहे रे ते." आणि लेस म्हणाला होता, "खेळव. वरून आलंय." वरून नुसतं आलेलं नव्हतं, वर जाऊन ते मागून आणलं होतं लेसनंच, कारण आपण निवडलेला पोरगा बाकावर बसला तर आपली निवड चुकली असं लोक म्हणतील. नोव्हेंबरात टॅनरचा पाय मोडला. गुडघ्याखाली, दोन ठिकाणी. वरच्या खोलीत लेसच्या हातात सूप होतं. काचेमागं आवाज आला नाही, नुसतं दिसलं की पोरगं उठत नाही आणि दोन्हीकडचे खेळाडू पाठ फिरवून उभे राहिलेत. आवाज ड्वाइटनं ऐकला. नंतर वार्ताहरांनी घेरलं तेव्हा ड्वाइट म्हणाला, "त्याला खेळवायचा निर्णय माझा होता." लेस मागच्या भिंतीशी उभा होता. त्याच वेळी तोंड उघडता आलं असतं. त्यानं कॉफीचा घोट घेतला. गरम होती, जीभ पोळली, हे त्याला इतक्या आठवड्यांनीही स्पष्ट आठवत होतं आणि बाकी खोलीत कोण कोण होतं ते आठवत नव्हतं.

शेवटी तो उतरला. मुख्य दारालाही कार्ड लागलं नाही; आतल्या मुलीनं काचेतून बघून दार उघडलं आणि लगेच टेलिफोनकडं वळली. लिफ्टपाशी त्यानं पुन्हा एकदा लावून पाहिलं. लाल. जिन्याच्या दारालाही तेच यंत्र होतं. वर जाऊन विचारायचं मनात होतं, सरळ विचारायचं की बाई, हे काय चाललंय. पण वर जायची वाटच नव्हती. फोन करता आला असता. खिशात हात घालून त्यानं फोन धरलाही, आणि तसाच सोडला. कारण दुसरं एक गणित डोक्यात आपोआप जुळलं होतं, इतकं चटकन की त्याची त्यालाच किळस आली: आधी ड्वाइटचं उरकून टाकावं. सांगितलेलं काम चोख करून, मग फोन करावा. काम केलेल्या माणसाला हाकलणं जड जातं. आणि कुणी सांगावं, कार्डाचं खरंच थंडीनं झालं असेल. हे गणित खोटं आहे हे त्याला कळत होतं. किती जणांनी शेवटच्या दिवशी मान मोडून काम केलेलं त्यानं पाहिलं होतं, आणि त्यांना काढताना त्याला कधी जड गेलं नव्हतं. तरी पाय वळले ते कोचच्या खोल्यांकडच्या बोळात.

बोळाच्या तोंडाशी काचेचं दार, आणि त्यालाही कार्ड. लेसनं बोटाच्या पेरांनी काच वाजवली. तो आवाज कानावर पडला मात्र, आणि त्याला ते वसतिगृह आठवलं. दोघं पोरसवदा होते तेव्हा, दूरच्या एका संघात, हाताखालचे हरकामे. उन्हाळ्यात सराव एका कॉलेजात चालायचा, शंभरभर पोरं यायची, निम्मी परत पाठवायची. पाठवायच्या दिवशी दारं वाजवायचं काम लेसचं. ठरलेलं वाक्य, इकडचा शब्द तिकडं करायचा नाही: कोचनं बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये. सगळ्या डावांचं ते जाडजूड बाड परत मागितलं की पोरगं समजायचं. पोरं लेसला यमदूत म्हणायची. त्याची चाहूल लागली की कुणी न्हाणीघरात लपायचं, कुणी डोक्यावरून चादर ओढून घोरायचं. एक सहा फुटी राक्षस तर पलंगाखाली शिरला होता आणि त्याचे पाय बाहेर राहिले होते. लेसनं स्वतःपुरते नियम केले: पहिल्याच वाक्यात सांगायचं, बसायचं नाही, खांद्याला हात लावायचा नाही. ड्वाइट मात्र त्याच्या मागोमाग यायचा, त्याला कुणी सांगितलेलं नसताना. पलंगावर बसायचा, पोरांच्या सदऱ्यांच्या घड्या घालायचा, आपल्या खटारा गाडीतून त्यांना बसच्या थांब्यावर सोडायचा. एकदा लेस चिडून म्हणाला होता, "कशाला हे? उशीर होतो कामाला." ड्वाइट घडी घालत म्हणाला, "माणूस जातोय, लेस. पोतं नाही."

काचेपलीकडून ड्वाइट येताना दिसला, दुखऱ्या गुडघ्यावर डुलत, चष्मा कपाळावर चढवलेला. आतून दार उघडलं. "अरे! कार्ड कुठं गेलं तुझं?"

"गाडीत राहिलं."

"म्हातारा झालास तू. ये, ये. व्हर्नानं मक्याचा पाव दिलाय, अजून गरम आहे."

खोलीत पडद्यावर कालचा सामना थिजवून ठेवला होता. चिखलात माखलेले पाय, नुसते पाय. ड्वाइट मुख्य कोच होण्याआधी आयुष्यभर पुढच्या फळीचा कोच, त्याला माणसांची तोंडं विसरायला होई पण पाय नाही. "हे बघ, हा डावीकडचा. टाच बघ त्याची. सगळे म्हणतात हा पोरगा मंद आहे. मंद नाही, टाच उचलतो फक्त. एक उन्हाळा माझ्या हाताखाली काढू दे, पुढच्या वर्षी सोनं आहे ते." पुढच्या वर्षी, असं म्हणत त्यानं सुरीनं बायकोनं दिलेल्या पावाचा तुकडा कापला, कागदावर ठेवला आणि खुर्ची पायानं लेसकडं सरकवली. हाच तो क्षण. उभ्या उभ्या, पहिल्या वाक्यात. लेस खुर्चीत बसला. पावाचा तुकडा घेऊन तोंडात घातला. लोणी होतं, वरून थोडा मध. त्याला भूक नव्हती, तरी तो खात राहिला, कारण तोंडात घास असेपर्यंत बोलावं लागणार नव्हतं.

ड्वाइटनं पडदा बंद केला. "बोल आता."

"काय?"

"तू बसलास, लेस. तू कधी बसत नाहीस."

लेसनं घास गिळला. "ऑड्रानं ठरवलंय, ड्वाइट."

"ऑड्रानं."

"आम्ही. आम्ही ठरवलंय."

"हं. आता नीट बोललास." ड्वाइटनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा काढला. "बाहेर त्या गाड्या बघूनच समजलो होतो म्हणा. व्हर्ना तर रात्रीच म्हणाली, पाव देते, निदान ज्याला सांगायला पाठवतील त्याला खायला घाल. मी म्हटलं, लेस येईल. ती म्हणाली, लेस नाही यायचा, त्याला एवढी लाज असेल." त्यानं सुरी पुसून बाजूला ठेवली. "माझ्या हाताखालच्या लोकांचं काय?"

"त्यांचंही."

"सगळ्यांचं?"

"नवा कोच आपली माणसं आणतो. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तरी तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि पोरीला, सिमोनला, मी फोन करणार नाही. ती टीव्हीवर बघेल त्याआधी तू कर. बाप्तिस्म्याला तूच तिला हातांत धरलं होतंस. तिचा धर्मपिता ना तू? मग सांग तिला, तुझ्या बापाला काढला म्हणून." ड्वाइट हे रागानं म्हणाला नाही, आणि म्हणून ते जास्त झोंबलं. "टॅनरला कुणी खेळवायला लावलं, वर माहीत आहे त्यांना?"

"माहीत आहे."

"मग?"

पावाचे कण कागदावर एका बाजूला गोळा करता करता लेसच्या तोंडून ते निघून गेलं, सकाळपासून जपून ठेवलेलं. "तुझं कार्ड मी बंद करायला लावलं नाही. सगळ्यांचं आधी बंद करतो. तुझं नाही केलं."

ड्वाइट त्याच्याकडं बघत राहिला. मग सदऱ्याच्या खिशातून आपलं कार्ड काढून त्यानं टेबलावर ठेवलं. "हो. चाललं ते सकाळी." त्याची नजर लेसच्या कोटाकडं गेली आणि तिथंच राहिली. लेसनं खाली पाहिलं. कोटाच्या खिशातून कार्डाची निळी पट्टी बाहेर लोंबत होती.

"गाडीत राहिलं म्हणालास."

लेसनं पट्टी आत कोंबली. त्याला आता काही अर्थ नव्हता.

"लेस, फाटक कुणी उघडलं तुला?"

"मर्विननं."

"आणि खालचं दार?"

"त्या मुलीनं."

ड्वाइट खुर्चीत मागं टेकला. बाहेर वाऱ्यानं झेंड्याच्या खांबाला दोरी आपटत होती, टक, टक. "म्हणजे फाटकातच तुला कळलं होतं," तो म्हणाला. "तुलाही काढलंय. आणि हे कळल्यावर तू आधी माझ्याकडं आलास. हे उरकायला."

"मला वाटलं की..."

"काय वाटलं ते कळलं मला. नको सांगूस."

लेसला सांगायचं होतं. सांगायचं होतं की माणूस घाबरला की त्याचे पाय आपोआप चालतात. की इतकी वर्षं हेच हात दारं वाजवत आलेत, त्यांना दुसरं काही येत नाही. की त्या वार्ताहरांच्या खोलीत त्याची जीभ पोळली होती. यातलं काहीच ड्वाइटसमोर मांडण्यासारखं नव्हतं. खिशात फोन वाजला. तो बाहेर काढताना चुकून अंगठा स्पीकरवर पडला आणि आवाज मोठा झाला, सगळ्या खोलीत ऐकू जाईल इतका.

"लेस? झालं का सांगून?" ऑड्राचा तो मऊ आवाज.

"झालं."

"कसं घेतलं त्यांनी?"

लेसनं ड्वाइटकडं पाहिलं. ड्वाइट पाव पुन्हा कागदात गुंडाळत होता, कोपरे नीट दुमडून. "शांतपणे," लेस म्हणाला.

"बरं झालं. तुमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं हे, खरंच. मग आता वर या ना तुम्ही जरा."

"माझं कार्ड चालत नाही."

"अरे देवा. ते दुपारनंतर व्हायचं होतं. खालच्या पोरांनी घाई केली. सॉरी हं, लेस." आणि फोन बंद झाला.

सॉरी हं. एखाद्याच्या कपात साखर जास्त पडली तर म्हणतात तसं. लेस उठू लागला. त्याला वाटलं आता ड्वाइट हसेल. हसावंच त्यानं, हक्क होता त्याचा. ड्वाइट हसला नाही. टेबलाला धरून तो उठला, गुडघा सरळ करायला त्याला नेहमीसारखा वेळ लागला, मग त्यानं टेबलावरचं आपलं कार्ड उचललं.

"चल."

"कुठं?"

"वर जायचंय ना तुला? कसा जाणार आहेस, खिडकीतून?"

"ड्वाइट, मी..."

"नको. हे मी विसरणार नाही, लेस, आणि आज माफही करणार नाही. पुढचं माहीत नाही. पण चल, सोडतो तुला."

दोघं बोळातून चालत गेले, डुलत एक आणि मुकाट्यानं एक. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो होते. त्यातल्या एकात मेरिट हॅल्डेन मध्ये उभा होता आणि हे दोघं टोकाला, पोरगेलेसे, उन्हात डोळे बारीक केलेले. दोघांपैकी कुणीच तिकडं पाहिलं नाही. लिफ्टपाशी ड्वाइटनं कार्ड लावलं. दिवा लगेच हिरवा झाला आणि दार उघडलं. लेस आत गेला. ड्वाइटनं बाहेरूनच हात घालून तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि हात मागं घेतला. लेसला वाटलं, आत्ता बोलावं, दार मिटायच्या आत, एकच काहीतरी.

"तोंड पूस," ड्वाइट म्हणाला. "पावाचे कण लागलेत. असा नको जाऊस तिच्यासमोर."

लेसनं कोटाची बाही तोंडावरून फिरवली. दार मिटलं, आणि लिफ्ट त्याला घेऊन वर निघाली.